स्वस्तात स्वस्त प्रीमियम पेट्रोल कसे शोधावे : नव्या वाहनधारकांसाठी मार्गदर्शन

पेट्रोल पंपाच्या दारातील उंच फलकावर जो भाव ठळकपणे दिसतो, तो बहुतेक ठिकाणी साध्या पेट्रोलचा असतो. प्रीमियम, म्हणजे साधारणतः जास्त ऑक्टेनच्या आणि अधिक महाग पेट्रोलचा भाव त्याच्या खाली बारीक अक्षरांत असतो, किंवा गाडी यंत्राशेजारी उभी करून पाहिल्याशिवाय कळतच नाही. पंपचालकांची आपसातील चढाओढ मुख्यतः या मोठ्या आकड्यावर चालते, कारण रस्त्याने जाणारा ग्राहक तोच आकडा पाहून आत वळतो. प्रीमियमच्या भावावर या चढाओढीचा दाब तितकासा नसतो, म्हणून साध्या आणि प्रीमियम पेट्रोलमधील फरक एका पंपावर थोडा आणि शेजारच्याच पंपावर बराच जास्त असू शकतो. साधे पेट्रोल जेथे स्वस्त, तेथे प्रीमियमही स्वस्तच असणार, असे गृहीत धरणे हा नव्या ग्राहकाचा सर्वांत महागडा गैरसमज आहे, आणि तो दूर व्हावा हाच या लेखामागचा मुख्य हेतू आहे.

एक उदाहरण घेऊ. चलन कोणतेही असो, एका पंपावर साधे पेट्रोल लिटरला १०० आणि प्रीमियम १०६ आहे, तर दुसऱ्या पंपावर साधे ९९ आणि प्रीमियम १११ आहे, असे समजा. फलकाकडे पाहणाऱ्याला दुसरा पंप स्वस्त वाटेल. प्रत्यक्षात प्रीमियम घेणाऱ्याने तेथे चाळीस लिटरची टाकी भरली, तर पहिल्या पंपापेक्षा २०० जास्त मोजावे लागतील.

पहिली पायरी : गाडीला प्रीमियमची गरज आहे का, हे निश्चित करणे

स्वस्त प्रीमियम शोधायला निघण्यापूर्वी हा प्रश्न सुटलाच पाहिजे, कारण ज्या गाडीला साधे पेट्रोल चालते तिच्यासाठी प्रीमियमवर खर्च केलेला वरचा प्रत्येक पैसा बहुधा वायाच जातो. उत्तर दोन ठिकाणी मिळते. पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूस एक छोटी चिकटपट्टी असते, तिच्यावर किमान ऑक्टेनचा, म्हणजे इंजिनात अवेळी पेटण्याला पेट्रोल किती विरोध करते त्या मापाचा, आकडा छापलेला असतो. ती निघून गेली असेल किंवा अस्पष्ट झाली असेल, तर गाडीसोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत इंधनाच्या प्रकरणात तोच आकडा सापडतो. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि पुस्तिका हाती आली नसेल, तर बहुतेक उत्पादक आपल्या संकेतस्थळावर ती उपलब्ध करून देतात. आधीचा मालक कोणते पेट्रोल भरत असे, यावर विसंबून राहू नये.

पुस्तिका वाचताना तेथील क्रियापद नीट पाहावे. "आवश्यक आहे" असे लिहिले असेल, तर त्या ऑक्टेनच्या खाली जाऊ नये, मग भाव काहीही असो. "शिफारस केली आहे" असे लिहिले असेल, तर गाडी कमी ऑक्टेनवरही सुरक्षित चालते, मात्र तिची ताकद आणि मायलेज थोडे उतरू शकते. या दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांबाबत अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या वाहनचालक संघटनेने २०१७ मध्ये केलेली चाचणी उद्‌बोधक आहे. ज्या गाड्यांना प्रीमियमची केवळ शिफारस होती, त्यांच्यात प्रीमियम भरल्यावर मायलेजमध्ये सरासरी २.७ टक्के आणि ताकदीत सरासरी १.४ टक्के वाढ आढळली. त्या सुमारास अमेरिकेत साध्या आणि प्रीमियममधील भावाचा फरक वीस टक्क्यांच्या वर होता. मायलेजमध्ये अडीच-तीन टक्के मिळवण्यासाठी वीस टक्के जास्त मोजणे हा तोट्याचाच व्यवहार झाला. आपल्या परिसरातील फरक तीन-चार टक्केच असेल, तर मात्र शिफारस पाळणे परवडू शकते. हा हिशेब ज्याने त्याने आपल्या भागातील भावांवरून करावा.

ज्या गाडीला साधे पेट्रोलच सांगितले आहे, तिच्याबद्दल याच संघटनेने एक वर्ष आधी चाचणी घेतली होती आणि प्रीमियम भरल्याने त्या गाड्यांना कोणताही ठळक लाभ होत नसल्याचा निष्कर्ष काढला होता. आपली गाडी या गटात असेल, तर पुढील शोधाशोध साध्या पेट्रोलसाठी करावी, पद्धत तीच लागू पडते.

हे असे का होते, हे समजून घेतले की जाहिरातींना बळी पडण्याची शक्यता बरीच कमी होते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. ज्वाला ठिणगीपासून सुरू होऊन क्रमाने पसरणे अपेक्षित असते, परंतु दाब आणि उष्णता फार वाढली तर ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. त्यातून दाबाच्या लाटा उठतात आणि धातूवर खडे आपटल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. ते सतत होत राहिले, तर पिस्टनला इजा पोहोचते. ऑक्टेनचा आकडा म्हणजे या अवेळी पेटण्याला इंधन किती विरोध करते, त्याचे माप. त्या मापपट्टीवर आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरलेले आहे. ९५ ऑक्टेनचे पेट्रोल चाचणी इंजिनात ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखे वागते. ऑक्टेन वाढले म्हणून लिटरमागे ऊर्जा वाढत नाही. ज्या इंजिनात दाबाचे प्रमाण मोठे आहे किंवा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, बसवलेला आहे, त्यालाच या विरोधाचा उपयोग होतो. इतर इंजिनांत तो गुण वापरलाच जात नाही.

दुसरी पायरी : नाव बाजूला ठेवून आकडा पाहणे

"प्रीमियम", "सुपर", "अल्ट्रा", "पॉवर" ही विक्रीची नावे आहेत आणि त्यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. एकाचे प्रीमियम ९५ ऑक्टेनचे, तर दुसऱ्याचे ९८ चे असते. काही ठिकाणी तर महागड्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पेट्रोलचे ऑक्टेन साध्याइतकेच असते आणि फरक फक्त इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांचा असतो. तुलना नेहमी समान ऑक्टेनमध्ये करावी. ज्या गाडीला ९५ हवे, तिच्यासाठी एका पंपावरच्या ९५ ची दुसऱ्या पंपावरच्या ९८ शी तुलना करणे निरर्थक आहे.

देश बदलला की आकड्याची मोजपद्धतही बदलते, आणि परदेशात प्रथमच गाडी चालवणाऱ्यांची येथे हमखास गफलत होते. युरोप, ऑस्ट्रेलिया आणि आशियाच्या मोठ्या भागात रिसर्च ऑक्टेन नंबर, म्हणजेच आरओएन, पंपावर लिहितात. तो चाचणी इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवून काढतात. मोटर ऑक्टेन नंबर ही दुसरी पद्धत अधिक कडक आहे. तिच्यात इंजिन ९०० फेऱ्यांवर आणि जास्त तापलेल्या मिश्रणावर चालते, त्यामुळे त्याच पेट्रोलचा आकडा कमी येतो. अमेरिकेत आणि कॅनडात या दोन्हींची सरासरी पंपावर लावतात. म्हणूनच अमेरिकेतील ८७ हे साधारणपणे आरओएन पद्धतीतल्या ९१-९२ च्या तोडीचे असते आणि तेथील ९१ हे जवळपास ९५-९६ च्या तोडीचे. पुस्तिकेत "९१ आरओएन" लिहिलेली गाडी घेऊन अमेरिकेतील पंपावर ९१ चे बटण दाबले, तर गरज नसलेले प्रीमियम विकत घेतल्यासारखे होते. ८७ तेथे पुरेसे ठरते.

ऑक्टेनसोबत इथेनॉलचे प्रमाणही पाहावे. युरोपीय संघात २०१८ पासून पंपाच्या नोझलवर आणि नव्या गाड्यांच्या झाकणापाशी वर्तुळात ई५, ई१० अशी खूण असते. त्यातील आकडा म्हणजे इथेनॉलची कमाल टक्केवारी. इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन चांगले असते, परंतु लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. दहा टक्के इथेनॉल मिसळले की ऊर्जा साधारण तीन टक्क्यांनी घटते. सारख्याच ऑक्टेनच्या दोन पेट्रोलपैकी एकात दहा टक्के इथेनॉल असेल आणि ते फक्त एका टक्क्याने स्वस्त असेल, तर किलोमीटरमागे ते प्रत्यक्षात महाग पडते. जुन्या गाड्यांच्या आणि दुचाकींच्या बाबतीत पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा दिलेली असते, ती ओलांडू नये.

तिसरी पायरी : परिसरातील पंपांची प्रीमियम भावांनुसार यादी करणे

आपला रोजचा मार्ग डोळ्यांसमोर आणावा आणि त्यावर किंवा त्याला लागून असलेले सगळे पंप कागदावर उतरवावेत. नव्या ग्राहकाला आठ-दहा पंपांची यादी पुरते. प्रत्येक पंपासमोर तीन गोष्टी लिहाव्यात : आपल्याला हव्या असलेल्या ऑक्टेनचे पेट्रोल तेथे मिळते का, त्याचा आजचा भाव किती, आणि साध्या पेट्रोलपेक्षा तो कितीने जास्त आहे. यातील तिसरी नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. साध्या पेट्रोलचा भाव सतत हलत असतो, पण एकाच पंपावरील साध्या-प्रीमियममधील अंतर बहुधा बराच काळ तेवढेच राहते. ते एकदा नोंदवून ठेवले, की पुढे रस्त्यावरून जाता जाता फलकावरचा मोठा आकडा पाहून त्या पंपाचा प्रीमियम भाव मनातल्या मनात काढता येतो. हे अंतर अधूनमधून ताडून पाहावे, एवढेच पथ्य.

भाव कळण्याची साधने देशागणिक वेगळी आहेत. जेथे सरकारने पंपांना भाव जाहीर करण्याची सक्ती केली आहे, तेथे माहिती विश्वासार्ह असते. पश्चिम ऑस्ट्रेलियात २००१ पासून चालू असलेल्या फ्युएलवॉच योजनेत पंपांना उद्याचा भाव आजच कळवावा लागतो आणि सकाळी सहापासून चोवीस तास तो बदलता येत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने याहून सोयीची व्यवस्था सांगणे कठीण आहे, कारण आज भरावे की उद्या, याचा निर्णय अंदाजावर नव्हे तर पक्क्या आकड्यावर घेता येतो. ऑस्ट्रेलियातच न्यू साऊथ वेल्समध्ये २०१६ पासून फ्युएलचेक नावाची सेवा आहे आणि तिच्यात ९५ व ९८ ऑक्टेनचे भाव स्वतंत्रपणे पाहता येतात. जर्मनीत २०१३ पासून पंपांनी भावातील प्रत्येक बदल स्पर्धा नियामकाच्या केंद्राला लगेच कळवण्याचा नियम आहे आणि निरनिराळी ॲप तेच आकडे दाखवतात. मात्र ही सक्ती ई५, ई१० आणि डिझेल यांच्यापुरती घातली गेली, ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलला ती लागू केली गेली नाही. प्रीमियमच्या ग्राहकाला साध्याच्या ग्राहकाइतकी सहज माहिती मिळत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला नसावा.

जेथे अशी सक्ती नाही, तेथील ॲप इतर ग्राहकांनी कळवलेल्या भावांवर चालतात. साध्या पेट्रोलचे भाव त्यांत ताजे असतात, कारण कळवणारे पुष्कळ असतात. प्रीमियमचे भाव मात्र कित्येकदा शिळे असतात. ॲप उघडल्यावर प्रथम इंधनाचा प्रकार बदलून आपले ऑक्टेन निवडावे, कारण सुरुवातीला तेथे साधेच पेट्रोल निवडलेले असते, आणि भावाशेजारी तो केव्हा नोंदवला ती वेळ वाचावी. दोन-तीन दिवसांपूर्वीच्या भावावर विसंबून लांब जाऊ नये.

यादी करताना कोणत्या प्रकारचे पंप अंतर्भूत करावेत, याबद्दल थोडे सांगतो. द्रुतगती महामार्गावर, बाहेर न पडता गाठता येणारे पंप जवळजवळ सर्वत्र महाग असतात, कारण तेथे थांबणाऱ्याला दुसरा पर्याय सहजी मिळत नाही. विमानतळाजवळ भाड्याच्या गाड्या परत करण्याच्या ठिकाणांभोवतीही हाच अनुभव येतो. याउलट, एकाच चौकात किंवा एकाच रस्त्यावर तीन-चार पंप असतील, तर त्यांचे भाव एकमेकांना खाली खेचतात. मोठ्या किराणा दुकानांच्या आवारातील पंप अनेक देशांत स्वस्त असतात, परंतु त्यांतील काहींवर उच्च ऑक्टेनचे पेट्रोल ठेवलेलेच नसते. कोणत्याही मोठ्या कंपनीचे नाव न लावणारे स्वतंत्र पंपही तपासावेत. त्यांच्याकडील पेट्रोल पुष्कळदा त्याच डेपोतून निघालेले असते, फरक असतो तो नंतर मिसळल्या जाणाऱ्या रसायनांचा.

त्या रसायनांकडे मात्र पूर्ण दुर्लक्ष करू नये. २००४ मध्ये काही मोटार उत्पादकांनी मिळून पेट्रोलमधील इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांसाठी टॉप टियर नावाचा दर्जा ठरवला, तो मुख्यतः उत्तर अमेरिकेत दिसतो. वर उल्लेखलेल्या वाहनचालक संघटनेच्या २०१६ च्या अभ्यासात, हा दर्जा नसलेल्या पेट्रोलमुळे इंजिनाच्या व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट अधिक काजळी साचल्याचे आढळले होते. हा दर्जा घेणाऱ्या कंपनीला आपल्या सर्व प्रकारच्या पेट्रोलमध्ये, म्हणजे साध्यातही, तो पाळावा लागतो. त्यामुळे केवळ इंजिन स्वच्छ राहावे म्हणून प्रीमियम घेण्याचे कारण तेथे उरत नाही.

चौथी पायरी : वळशाचा हिशेब

स्वस्त पंप सापडला, पण तो वाटेत नाही, तर तेथवर जाणे परवडते का? यासाठी एक सोपा हिशेब आहे आणि तो कोणत्याही चलनात जसाच्या तसा चालतो. जाऊन-येऊन जेवढे अंतर जास्त पडेल, त्याला गाडीच्या मायलेजने भागावे. वळशात किती लिटर जळणार ते मिळेल. त्या आकड्याला आपण भरणार असलेल्या लिटरने भागावे. आलेला भाग टक्क्यांत मांडला, की कमीत कमी तेवढ्या टक्क्यांनी तो पंप स्वस्त असला पाहिजे.

समजा, वळसा ९ किलोमीटरचा आहे आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर देते. वळशात ०.६ लिटर जळेल. ३० लिटर भरायचे असेल, तर ०.६ भागिले ३०, म्हणजे २ टक्के. तो पंप २ टक्क्यांहून अधिक स्वस्त असेल, तरच काही हाती लागेल. तेवढ्याच वळशासाठी फक्त १० लिटर भरायचे असेल, तर हाच आकडा ६ टक्क्यांवर जातो आणि एवढा फरक सहसा मिळत नाही. दुचाकीचे मायलेज ४५ आणि भरायचे ८ लिटर असतील, तर वळशात ०.२ लिटर जळते आणि २.५ टक्क्यांचा फरक पुरतो. वाहतूक कोंडीतून जावे लागत असेल, तर मायलेज कमी धरावे. वेळेचे आणि टायरांच्या झिजेचे मोल यात धरलेले नाही, म्हणून आलेल्या टक्केवारीच्या दीडपट तरी फरक असल्याशिवाय वळसा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. थोडे थोडे भरण्यापेक्षा स्वस्त पंपावर टाकी पूर्ण भरणे फायद्याचे असते, कारण वळशाचा खर्च जास्त लिटरवर वाटला जातो. मात्र स्वस्ताच्या आशेने टाकी रिझर्व्हला लागेपर्यंत थांबू नये. पुष्कळ गाड्यांत पेट्रोल खेचणारा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच तो थंड राहतो. काटा पाव टाकीवर आला की शोध सुरू करावा, म्हणजे निवड करायला सवड राहते. काटा तळाला गेल्यावर समोर येईल तो पंप गाठावा लागतो, आणि तो महाग असला तरी इलाज नसतो.

पाचवी पायरी : वेळ साधणे

काही देशांत भाव दिवसाला एकदाच ठरतो, तेथे वेळ साधण्यासारखे फारसे काही नसते. जेथे पंपचालक हवे तेव्हा भाव बदलू शकतात, तेथे मात्र ठरावीक चढउतार दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या शहरांत भाव एकाएकी उडी मारतो आणि मग काही आठवडे हळूहळू उतरत राहतो, पुन्हा उडी मारतो. या चक्रात सर्व पंप एकाच दिवशी वर जात नाहीत. उडी सुरू झाल्याची बातमी कळताच, ज्या पंपाने अजून भाव वाढवलेला नाही, तेथे जाऊन टाकी भरावी. जर्मनीत स्पर्धा नियामकाच्या नोंदींत सकाळी भाव चढे आणि संध्याकाळी उतरते आढळले आहेत. आपल्या भागात असे काही चक्र आहे का, हे तीन-चार आठवडे एकाच पंपाचा भाव दिवसातून दोनदा टिपल्यास कळून येते.

पहाटे पेट्रोल थंड व घट्ट असते, म्हणून तेव्हाच भरावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तापमान एका अंशाने बदलले की पेट्रोलचे आकारमान सुमारे ०.१ टक्क्याने बदलते हे खरे आहे, परंतु पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तेथील तापमान दिवसभरात फारसे हलत नाही. यासाठी झोपमोड करून घेण्याची गरज नाही.

सहावी पायरी : सवलती शेवटी धरणे

सवलतीचे कार्ड, कॅशबॅक, सभासदत्व यांचा विचार मूळ भाव कळल्यानंतरच करावा. लिटरला १०६ भावावर ३ टक्के परतावा मिळाला, तर खरा भाव १०२.८२ पडतो, आणि तोच यादीत लिहावा. सवलत प्रीमियमला लागू आहे का, किमान किती खरेदी हवी आणि परताव्याला महिन्याची मर्यादा आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. सभासदत्वाची वार्षिक फी असेल, तर तिला वर्षभराच्या लिटरने भागावे. ९०० फी आणि वर्षाला ६०० लिटर, म्हणजे लिटरमागे दीडाची भर. क्रेडिट कार्डाने पैसे दिल्यास काही पंप जास्त भाव लावतात, तेही पाहून घ्यावे.

सातवी पायरी : पंपावर उभे असताना

निवडलेल्या पंपावर पोहोचल्यावर घाई करू नये. यंत्रावर आपल्या ऑक्टेनच्या आकड्याशेजारी लिहिलेला भाव वाचावा आणि तो यादीतील भावाशी जुळतो का, हे पाहावे. फरक असेल, तर नोझल उचलण्याआधीच निघून जाण्याची मोकळीक असते, नंतर नाही. कर्मचारी पेट्रोल भरत असेल, तर ऑक्टेनचा आकडा स्पष्ट उच्चारून सांगावा, कारण नुसते "प्रीमियम" म्हटले तर त्या पंपावरचे सर्वांत महागडे पेट्रोल टाकीत पडू शकते. मीटर शून्यावर आला आहे आणि त्यावरचा लिटरचा भाव आपल्याच पेट्रोलचा आहे, याची खात्री झाल्यावर भरणे सुरू करावे. नोझल आपोआप बंद पडले की तेथेच थांबावे. काठोकाठ भरण्याच्या नादात वरचे पेट्रोल बाष्प शोषणाऱ्या यंत्रणेत जाते आणि ती बिघडू शकते. पावतीवर लिटर, भाव आणि प्रकार छापलेला असतो. ती पावती जपून ठेवावी, कारण पुढच्या खेपेला मायलेज काढायला तीच उपयोगी पडते.

ज्या पंपावर प्रीमियमचा खप अगदी कमी आहे, तेथील टाकीत ते बराच काळ पडून राहिलेले असू शकते. पेट्रोलमधील हलके घटक हळूहळू उडून जातात आणि थंड इंजिन सुरू होण्यास त्रास होतो. भाव जवळपास सारखा असेल, तर वर्दळीचा पंप निवडावा. स्वस्त मिळाले म्हणून डबे भरून घरी साठा करू नये. पेट्रोलची वाफ अत्यंत ज्वालाग्राही असते आणि बहुतेक ठिकाणी घरगुती साठ्यावर कायद्याने बंधने आहेत.

दोन ऑक्टेन मिसळणे

गाडीला ९५ हवे आहे आणि पंपावर फक्त ९१ आणि ९८ आहे, असा प्रसंग नेहमी येतो. अशा वेळी सगळे ९८ भरण्याची गरज नसते. एकाच मोजपद्धतीतील दोन पेट्रोल मिसळली, की ऑक्टेन जवळपास प्रमाणातच येते. चाळीस लिटरमध्ये २४ लिटर ९८ आणि १६ लिटर ९१ घेतले, तर मिश्रण सुमारे ९५.२ होते. साध्याचा भाव १०० आणि ९८ चा ११६ असेल, तर हे मिश्रण लिटरला १०९.६ पडते. निव्वळ ९८ पेक्षा ते बरेच स्वस्त आहे, पण दुसऱ्या पंपावर तयार ९५ जर १०६ ला मिळत असेल, तर तेच घ्यावे. इथेनॉलचे प्रमाण वेगळे असलेल्या पेट्रोलच्या बाबतीत हे गणित तितके अचूक उतरत नाही, म्हणून उच्च ऑक्टेनचा वाटा थोडा जास्तच ठेवावा आणि इथेनॉलची मर्यादा ओलांडली जात नाही ना, हे पाहावे. ज्या इंजिनाला सर्वोच्च ऑक्टेनच आवश्यक सांगितले आहे, त्याच्यावर हा प्रयोग करू नये.

प्रीमियम मिळालेच नाही तर

लांबच्या प्रवासात कधी फक्त साधे पेट्रोलच मिळते. गाडीला प्रीमियम आवश्यक असेल, तर पुढच्या पंपापर्यंत पोहोचण्यापुरतेच भरावे. आधुनिक गाड्यांत नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो आणि तो ठिणगीची वेळ मागे घेऊन इंजिन सांभाळतो, त्यामुळे ताकद कमी जाणवली तरी घाबरून जाऊ नये. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत हे संरक्षण नसते, तेथे अधिक जपावे. एक्सिलरेटर हलक्या पायाने वापरावा, चढावर खालचा गिअर टाकावा, गाडीत जादा वजन असेल तर वेग आवरता ठेवावा आणि खडखडाट ऐकू आला तर लगेच पाय सैल करावा. पुढे उच्च ऑक्टेनचे पेट्रोल मिळताच टाकी त्यानेच पूर्ण भरून घ्यावी, म्हणजे आतील मिश्रणाचे ऑक्टेन पुन्हा वर येते.